गाडी परत तापली? पाणी ओतायच्या आधी हे तपासा

मी मेकॅनिक नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतो, हाताला ग्रीसची सवय आहे आणि घरात पान्यांचा एक डबा आहे, एवढंच भांडवल. पण घरची पेट्रोल गाडी, धाकट्या भावाची जुनी डिझेल आणि मेहुण्याची हॅचबॅक या तिघींनी गेल्या बारा वर्षांत आळीपाळीनं तापून मला हे काम शिकवलं. आता गल्लीत कुणाचीही गाडी तापली की फोन येतो, "दादा, काटा परत वर गेला होता. पाणी ओतलंय, आता बरं हाय."

या "आता बरं हाय"नंच घात होतो. इंजिन गार ठेवणारं कूलिंगचं पाणी, म्हणजे कूलंट, बंद नळ्यांतून गोल फिरत असतं, ते संपायचं काही कारण नाही. चांगल्या गाडीत महिनोन् महिने पातळी हलत नाही. तुम्हाला दर आठवड्याला अर्धा लिटर ओतावं लागत असेल, तर तेवढं दर आठवड्याला कुठून तरी बाहेर पडतंय. ती वाट सापडेपर्यंत गाडी दुरुस्त झालेली नाही. म्हणून फोनवर मी आधी एकच विचारतो : कधी तापली?

लक्षणं

सिग्नलला तापते, वेग धरला की उतरते. दाभोळकर कॉर्नरला दोन सिग्नल चुकले की काटा चढतो आणि हायवेला लागलं की खाली येतो. याचा अर्थ उभ्या गाडीत रेडिएटरला, म्हणजे गरम पाणी वाऱ्यानं गार करणाऱ्या पुढच्या जाळीला, वारा मिळत नाही. संशय पंख्यावर, नाहीतर रेडिएटरच्या तोंडावर साचलेल्या घाणीवर.

शहरात ठीक, पण चढाला किंवा हायवेला तापते. इथं वारा भरपूर आहे, तरी उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अर्धाच उघडणारा, किंवा वॉटर पंप थकलेला.

सकाळी काढली आणि पाच-सात मिनिटांत तापली. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत पाणीच नाही. तिसरी शक्यता हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), तिच्याकडं शेवटी येऊ.

काटा वर-खाली नाचतो. आत हवा अडकली आहे किंवा पातळी खाली गेली आहे. काटा वर असताना हीटर लावला आणि गार हवा आली, तर हाच संशय पक्का होतो. गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही.

काटा कधी मधे येतच नाही, ॲव्हरेज पडलंय. थर्मोस्टॅट उघडा राहिलाय किंवा कुणीतरी तो काढून टाकलाय. गाडी तापत नाही म्हणून लोक याला दोष मानत नाहीत. हा दोषच आहे.

पायाशी कार्पेट ओलं, काचेवर आतून तेलकट धुकं, गोडसर वास. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

काट्याबद्दल एक सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत तो, तापमान साधारण ८० ते १०० अंशांमध्ये कुठंही असलं तरी, मधोमधच राहील असा बसवलेला असतो. म्हणजे तो हलला तेव्हाच उशीर झालेला असतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर थेट लाल. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती जिथून वाचता येते) लावायचा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर मिळतो, तो मोबाईलवर खरा आकडा दाखवतो. मी त्यावर चित्रपट पाहिल्यासारखा बघत बसतो असं घरात म्हणतात, पण निम्मं निदान त्या आकड्यानंच होतं. पेट्रोल गाडी नेहमीच्या चालीत ८५ ते ९५ च्या आसपास असावी. पंखा बहुतेक ९५ ते १०० च्या दरम्यान सुरू होतो.

हात लावायच्या आधी

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. कारण ऐका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत सुमारे एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही. कुकरचंच तत्त्व. आता ११० अंशांच्या पाण्यावरचं झाकण तुम्ही फिरवलंत, की दाब क्षणात जातो आणि सगळं पाणी एकदम उसळतं. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. फडकं गुंडाळलं होतं, तरी आहे. इंजिनातून रेडिएटरकडं जाणारा वरचा रबरी होज पाईप हातानं आरामात धरता येईल एवढा गार होईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागतोच.

दुसरं, चावी काढली तरी काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो. पंख्याजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. तिसरं, कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड. सांडलेलं कुत्रं-मांजर चाटतं. लगेच पुसा, डबा पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

१. पातळी आणि रंग (खर्च शून्य)

सकाळी, गाडी गार आणि सपाट जागेवर. कूलंटच्या बाटलीवर वर-खाली दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मधे हवी. बाटली पारदर्शक नसेल तर मागून टॉर्च मारा. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे, तिथं तेही उघडून बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं मी चार-पाच वेळा तरी पाहिलंय. झाकण खराब असलं की बाटलीतलं पाणी परत आत ओढलंच जात नाही.

पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून चारदा बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, शाळकरी पोरालाही पाठ. बाटलीच्या रेघा मात्र गाडी घेतल्यापासून कुणी बघितलेल्या नसतात. मार्करनं आजच्या पातळीला रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. पुढचं सगळं काम या रेघेवर चालणार आहे.

रंग बघा. हिरवा, गुलाबी, निळा काहीही असू दे, तो स्वच्छ हवा. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर पुढचं काही करू नका, थेट शेवटच्या भागाकडं जा.

२. खाली कागद (खर्च शून्य)

रात्री इंजिनाखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि सकाळी डाग कुठं पडलाय बघा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं, सहसा पुढच्या डाव्या सीटच्या अंगाला पडतं. ते सोडून द्या. कूलंटचा डाग रंगीत असतो आणि बोटाला चिकट लागतो. डागाच्या सरळ वर टॉर्च मारून बघा. गळती जुनी असेल तर तिथं पांढरट किंवा हिरवट पापुद्रा धरलेला दिसतो, नळाच्या तोटीला क्षार धरतात तसा.

काही गळत्या फक्त दाबाखाली होतात. गार गाडीखाली कागद कोरडा आणि पातळी तरी खाली, असं असेल तर गाडी तापवून आल्याआल्या बोनेट उघडून वास घ्या. गोडसर वास आला की गळती आहे, फक्त ती गरम धातूवर पडून उडून जातेय.

३. झाकण (काही शे रुपये)

सगळ्यात जास्त वेळा फसवणारी आणि सगळ्यात कमी वेळा बदलली जाणारी वस्तू. झाकणात दोन झडपा असतात. मोठी दाब धरते आणि जादा झाला की बाटलीकडं सोडते. मधली छोटी, इंजिन गार होताना आतला दाब कमी झाला की बाटलीतलं पाणी परत आत घेते. मोठीचं रबर कडक झालं तर दाब राहत नाही, १२० ला न उकळणारं पाणी शंभरच्या आतबाहेर उकळायला लागतं आणि बाटलीतून बाहेर येतं. छोटी अडकली तर गार झाल्यावर वरचा होज पाईप पिचकतो, पोरांनी रिकाम्या फ्रूटीच्या पाकिटातून हवा ओढल्यासारखा. सकाळी बोनेट उघडल्यावर पाईप चपटा दिसला की बाकी काही बघू नका, झाकण बदला.

रबरावर नख फिरवा. चीर, कडकपणा किंवा एका जागी खोलगट घडी असेल तर गेलं. नवं घेताना त्यावर छापलेला आकडा जुन्याशी जुळवा. ०.९ च्या जागी १.१ बसवला तर गाडी जास्त गार राहील असं नाही, जुन्या होज पाईपांवर आणि प्लॅस्टिकच्या टाकीवर ताण येईल एवढंच. भावाच्या डिझेलला दोन वर्षं पाणी लागत होतं, दोनदा रेडिएटर खोलून झाला होता, आणि शेवटी निघालं हे झाकण. ते मी अजून दुकानात खिळ्याला टांगून ठेवलंय.

४. रेडिएटरचं तोंड (खर्च शून्य, घाम भरपूर)

हे खास आपल्या भागातलं. मेहुणा हुपरीहून रोज ये-जा करतो. नोव्हेंबर ते मार्च सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा. ट्रॉलीमागून जाताना पाचटाचे तुकडे उडतात, फडात पाचट पेटवलं की काळी राख तरंगत येते, वर धूळ आणि रात्रीचे किडे. फेब्रुवारीत त्याची गाडी सिग्नलला तापायला लागली. पंखा नवा टाकून झाला होता. समोरून जाळीतून बघितलं तर एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, बऱ्यापैकी स्वच्छ.

खरी घाण मागं होती. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधे दोन बोटांची फट असते, ती समोरून दिसत नाही. वरचे दोन बोल्ट सोडून रेडिएटर थोडा मागं कलवला तेव्हा आतून घोंगडीच्या तुकड्यासारखा थर निघाला. राख, पाचटाचे धागे, तेलकट धूळ, एक अख्खं फुलपाखरू. तो थर हातात धरून मेहुणा म्हणाला, "एवढं घेऊन मी फिरत होतो व्हय?" पंख्याचे पैसे त्याला अजून दुखतात.

धुताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं परत जाईल. समोरून मारलंत तर ती आणखी आत बसते. साधा बागेचा पाईप पुरे. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्यानं पातळ पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. वाकलेल्या थोड्या असतील तर जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं हळूच सरळ होतात. उसाच्या रस्त्यावर रोज असाल तर हंगाम संपल्यावर एकदा हे कराच.

५. पंखा (फ्यूज दहा-वीस रुपये, पुढं वाढत जातं)

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात पंखा फिरायला लागतो. फिरला तर मोटर आणि तारा ठीक, दोष सेन्सरकडं असू शकतो. नाही फिरला तर फ्यूज बघा. फ्यूज चांगला असेल तर बोनेटखालच्या डब्यात पंख्याचा रिले (पंख्याला वीज सोडणारं छोटं स्विच) शोधा आणि त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुतेक वेळा हॉर्नचा, तिथं अदलाबदल करून बघा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला.

तरीही नाही? मोटरचा सॉकेट काढून बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट द्या, मधे फ्यूज घालूनच. थेट दिल्यावरही फिरली नाही किंवा हातानं ढकलल्यावर फिरली, तर मोटरचे कार्बन संपलेत. सेन्सर तपासायची सोपी युक्ती अशी की बऱ्याच गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचा सॉकेट काढला की संगणक घाबरून पंखा पूर्ण वेगानं लावतो. डॅशवर चेक इंजिनचा दिवा येईल, त्याला भिऊ नका, सॉकेट परत जोडल्यावर स्कॅनरनं पुसता येतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या आकड्याचा घालू नका. तारा जळतील. तिथं थांबून इलेक्ट्रिशियनला दाखवा.

६. होज पाईप आणि क्लिपा

गार असताना पिळून बघा. दाबल्यावर कडकड आवाज आला, किंवा लोण्यासारखा मऊ लागला, किंवा क्लिपेजवळ फुगलाय, तर बदला. क्लिप गंजली असेल तर तीही. दोनशे रुपयांसाठी घाटात थांबायचं नाही.

इथंच हळदीबद्दल बोलून घेतो. ट्रकवाल्यांकडून आलेला उपाय आहे, रेडिएटरला बारीक गळती असली की हळद टाकायची. थांबते, खोटं नाही. बाटलीतलं लीक बंद करणारं औषधही त्याच तत्त्वावर चालतं, बारीक कण भोकात जाऊन बसतात. पण त्या कणांना भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही. हीटर कोअरच्या नळ्या तर आणखी बारीक. रानात अडकलात तर घरी येण्यापुरतं ठीक आहे. टाकली असेल तर पुढच्या आठवड्यात सिस्टिम धुवा.

७. थर्मोस्टॅट

माझ्या स्वतःच्या गाडीचा किस्सा. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तापण्याच्या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून टाकला गेला. "आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय? ह्याची गरज न्हाई." पटलं मला. गाडी शहरात गार राहिली, ॲव्हरेज सोळावरून तेरावर आलं आणि आंबा घाटात ती पहिल्यापेक्षा जास्त तापली.

असं का व्हावं, हे मला उलगडायला वेळ लागला. इंजिन गार आहे असं संगणकाला वाटत राहतं, म्हणून तो जास्त पेट्रोल पाजतो. ॲव्हरेज तिथं गेलं. आणि कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला मागं आणखी एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती चकती इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडं पाठवते. थर्मोस्टॅटच नसला तर आडवाट कायम उघडी. घाटात निम्मं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरत होतं.

तपासायला तो काढावा लागतो. त्याआधी रेडिएटरचं पाणी खालून काढून घ्या. आईनं मला एक जुनं पातेलं दिलं आणि "हे परत स्वयंपाकघरात आणायचं न्हाई" असं बजावलं, आणि ती बरोबर होती, कूलंट लागलेलं भांडं जेवणाला वापरायचं नसतं. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा. पातेल्यात पाण्यात दोऱ्यानं टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागते, ९५ पर्यंत ती चांगली उघडायला हवी. मी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावतो, सात-आठ मिलिमीटर मिळाले की समाधान. पाणी खळखळून उकळलं तरी झडप ढिम्म, किंवा बाहेर काढून गार केल्यावर पूर्ण मिटत नाही, दोन्ही बाद. नवा बसवताना गॅस्केट किंवा रबर नवंच घ्या. त्यावर एक बारीक भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

८. धुणं, भरणं आणि हवा काढणं

"आपल्याकडं गोठत नाही, मग कूलंट कशाला?" हे मला महिन्यातून एकदा ऐकायला मिळतं. कूलंट न गोठणं ही त्यातली आपल्याला सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट. तो गंज थांबवतो, पंपाच्या सीलला जपतो आणि निम्मं-निम्मं मिसळलं तर उकळबिंदू सात-आठ अंशांनी वर नेतो. बोअरचं पाणी तर अजिबात नको. ज्या पाण्यानं तुमच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तेच इंजिनात दुसरं काय करणार? बॅटरीला घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा.

रंगावर जाऊ नका. गुलाबी म्हणजे अमुक प्रकार असा काही नियम नाही, प्रत्येक कंपनीचा रंग तिचा तिचा. मॅन्युअलमध्ये कुठला प्रकार लिहिलाय तो बघा आणि दोन प्रकार मिसळू नका, आत चिखल होऊ शकतो. तयार मिसळलेला डबा असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर डब्यावरचं प्रमाण पाळा.

जुनं काढा, साधं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. शेवटी डिस्टिल्डनं एकदा. गरम इंजिनात गार पाणी कधीच नाही, हेडला तडा जातो. निघालेलं कूलंट गटारात सोडू नका. आपली गटारं जयंती नाल्यात आणि जयंती नाला पंचगंगेत. डब्यात भरून गॅरेजला द्या, जुन्या ऑइलबरोबर ते घेतात का विचारा.

भरल्यावर हवा काढणं हे अर्धं काम, आणि इथंच घाई होते. गाडीचं तोंड चढाला करून लावा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. माझ्या दाराशी थोडा उतार आहे, शेजारी मला यासाठी पार्किंग सोडतात. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, मधून मधून वरचा पाईप दाबा. बुडबुडे येतील, पातळी बसेल, आणखी घाला. हवा काढायचा वेगळा स्क्रू असेल तर त्यातून पाण्याची सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. पाणी उसळायला लागायच्या आधी झाकण लावा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा भरा.

९. वॉटर पंप

पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब पडतो, म्हणजे पंप स्वतःच सांगतो की आता बदला. त्या भोकाला एमसील लावलेलं मी पाहिलंय. हसू नका. इंजिन बंद करून पुली हलवा, खेळ जाणवला किंवा चालू असताना घरघर आली तर बेअरिंग गेलंय.

पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर हात चांगला असलेला माणूस घरी करू शकतो. टायमिंग बेल्टवर (पिस्टन आणि वॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालत असेल तर हात लावू नका. एक दात चुकला तर कित्येक इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आदळतो.

इथं थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर घरचं काम संपलं, गाडी टो करून गॅरेजला. चालवत नेऊ नका.

डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं. (फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस आणि डिपस्टिक स्वच्छ, असं पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानंही होतं. फसू नका.) पाणी ऑइलमध्ये गेलेलं असेल तर इंजिन एकदाही चालू करू नका, बेअरिंगांचं वंगण गेलेलं असतं.

गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक. पाणी तापायच्या आधी दाब आला, म्हणजे सिलिंडरमधला वायू तिथं येतोय. झाकण उघडल्यावर थांबत नाहीत असे बुडबुडे हीही तीच खूण.

गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर.

गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक तपासणी असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, वायू येत असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड खोलायच्या आधी ती करायला सांगा. हातपंपानं दाब देऊन गळती शोधायचं यंत्रही त्यांच्याकडं असतं, पातळी जातेय पण वाट सापडत नाही तेव्हा तेच उपयोगी. हेड खोललंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजायला लावा. माझ्या शेजारच्या शेडमध्ये फेसिंगला, म्हणजे तोंड सपाट करून घ्यायला, रोज हेडं येतात आणि मोजमाप न करता नुसतं गॅस्केट बदललेली त्यात परत आलेली असतात. साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढं वाक गेला की फेसिंग लागतंच, नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीचंही कूलिंग असतं, शेजारी जीवघेण्या दाबाची वीज असते. तिथं पातळी बघण्यापलीकडं काही करू नका.

घाटात तापली तर

आपलं दुखणं असं की कोकणात जाताना उतार आणि येताना चढ. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली, कुठूनही या. जाताना गाडी ठणठणीत वाटते, आणि रविवारी संध्याकाळी पाच माणसं, मालवणचं सामान आणि एसी घेऊन तीच गाडी चढते.

काटा नेहमीपेक्षा वर सरकला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच. खालच्या गिअरवर या, म्हणजे पंप जोरात फिरेल आणि इंजिन रेटलं जाणार नाही. तेवढ्यानं काटा उतरला तर मोकळ्या जागी बाजूला घ्या, पंखा फिरत असेल तर दोन-तीन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, मग बंद करा. लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा हीटरमधून गार हवा यायला लागली, तर सरळ इंजिन बंद. त्यावेळी "वरपर्यंत तरी जाऊ" म्हणणाऱ्यांचीच हेडं आमच्या शेजारी येतात. पाऊण तास थांबा, मग झाकण, मग पाणी. कूलंट नसेल तर पिण्याचं चालेल, घरी आल्यावर धुवायचं.

दुरुस्तीनंतर तीन दिवस रोज सकाळी बाटलीवरची रेघ बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरणारच, राहिलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी परत भरून नवी रेघ मारा. तिसऱ्या आणि त्यानंतर आठव्या दिवशी पातळी तिथंच असेल तर पान्यांचा डबा माळ्यावर टाका. उतरली असेल तर पुन्हा कागद पसरायचा. भावाच्या डिझेलच्या बाटलीवर अशा अकरा रेघा आहेत, शेवटची मागच्या गणपतीतली.